भिंतीवर दिसलेला हात

मुजावर मॅडम शेडमध्ये आल्या तेव्हा मी प्रोजेक्टरवर डबा मांडून जेवायला बसलो होतो.

त्या दारातच थांबल्या. आधी त्यांनी डब्याकडं पाहिलं, मग डब्याखालच्या गोणपाटाकडं, मग गोणपाटाखालून डोकावणाऱ्या पांढऱ्या कोपऱ्याकडं.

"खरमाटे सर, परवा तपासणीचे साहेब येणारेत," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही त्याच्यावर ठेचा ठेवलाय."

मी म्हणालो, गोणपाट जाड आहे, ठेचा झिरपत नाही.

ही गोष्ट नऊ वर्षांपूर्वीची. तालुक्याच्या गावातली आमची आयटीआय, मी तिथं वेल्डिंगचा निदेशक. सव्वीस वर्षं झाली होती नोकरीला. शहनाज मुजावर मॅडम शिवण-कर्तन शिकवायच्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, आणि संस्थेत माझ्याशी असं बोलायची हिंमत फक्त त्यांच्यातच होती. त्या वर्षी उन्हाळ्यात प्रत्येक ट्रेडला एकेक प्रोजेक्टर आला. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ब्लाउजचं कटिंग भिंतीवर दाखवायला सुरुवात केली. फिटरवाल्यांनी, इलेक्ट्रिशियनवाल्यांनी काही ना काही चालू केलं. मी मात्र ठिणग्या उडतात, मशीन जळेल, हे कारण पाठ करून ठेवलं होतं. ते कारण इतकं चांगलं होतं की तीन महिने कुणी मला हलवू शकलं नाही.

खरं कारण वेगळंच होतं. जिल्ह्याला आमचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं, त्यात तिथल्या मुलानं सगळ्यांना कसं जोडायचं, कसं उघडायचं दाखवलं. माझी पाळी आली तेव्हा मी बटण दाबलं आणि पडद्यावर सगळं उलटं झालं. अक्षरं खाली डोकं वर पाय. चाळीस निदेशक हसले. त्या प्रशिक्षणातलं मला एवढंच आठवत होतं, आणि दुसऱ्या दिवशीची बासुंदी.

पण आता पळवाट उरली नव्हती. शुक्रवारी विभागाचे साहेब येणार होते आणि प्रत्येक ट्रेडनं त्यांच्यासमोर वीस मिनिटांचा डिजिटल धडा द्यायचा होता. आमचे प्राचार्य गोंधळेकर साहेब अंगानं बारीक आणि स्वभावानं त्याहून बारीक. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, आणि हळूच सांगितलं की अहवालात ज्या ट्रेडनं काही केलं नाही त्याचं नाव लिहिलं जाईल, आणि त्यांना माझं नाव तिथं लिहायचं नाही.

त्याच केबिनमध्ये, त्याच टेबलावर, माझ्या वर्गातल्या वैजयंता गेजगेचा ट्रेड बदलायचा अर्ज पडला होता. त्यावर शिफारस माझीच होती.

वैजयंता माझ्या वीस जणांच्या तुकडीतली एकटी मुलगी. बावीस वर्षांची. बारावीनंतर चार वर्षं बेकरीत खारी भाजली, मग एक दिवस कुणाला न विचारता वेल्डिंगला नाव घातलं. तिचं घर साखर कारखान्याच्या भिंतीला लागून. कारखाना बंद असतो त्या दिवसांत बॉयलरच्या दुरुस्तीला वेल्डर वर चढतात, ते ती लहानपणापासून बघत आलेली. मुलाखतीच्या वेळी तिनं मला सांगितलं होतं, मला तिथं वर बसायचंय. ते ऐकून मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू.

पण तिच्या हातात काही बसेना. दोन पट्ट्या शेजारी ठेवून मधली खाच वेल्डिंगनं भरायची आणि मग ती जोडपट्टी शिकंज्यात धरून वाकवायची, ही आमची चाचणी. सांधा चांगला असेल तर पट्टी वाकते, तुटत नाही. वैजयंताचा सांधा दरवेळी कडेनं उकलायचा, शिवण उसवावी तसा. वरून बघायला सुंदर. दोरी ताणल्यासारखी सरळ रेघ, कुठं हलली नाही की थरथरली नाही. आणि वाकवलं की कट्. दोन चाचण्या झाल्या, दोन्हीत तेच. तिसऱ्यांदा मी तिला बाजूला बोलावून म्हणालो, वैजयंता, काहींच्या हातात वेल्डिंग नसतं, त्यात लाज काही नाही, मॅडमकडं शिवणात एक जागा रिकामी आहे. तिनं फक्त एवढंच विचारलं की सर, मी कुठं चुकते. मी म्हणालो, हात सरळ ने, आणखी काय सांगू. आणि तिनं अर्जावर सही केली.

असो. तर बुधवारी दुपारी ठेच्याचा डबा उचलला, गोणपाट काढला आणि मॅडमनी माझी शिकवणी घ्यायला सुरुवात केली.

त्यांनी माझाच फोन प्रोजेक्टरला जोडला. फोनचा कॅमेरा जे बघतो ते भिंतीवर दिसायला लागलं. माझा चेहरा आला, छपराच्या कैचीएवढा. मिशीतला भाकरीचा कण मला स्वतःला पहिल्यांदा दिसला. मॅडम म्हणाल्या, आता हा फोन तुमच्या कामावर धरायचा, पोरं मागं बसूनसुद्धा बघतील, झाला तुमचा डिजिटल धडा. एवढं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. मी होल्डर घेतला, त्यात वेल्डिंगची कांडी लावली, हातातला काळ्या काचेचा पडदा तोंडासमोर धरला आणि आर्क, म्हणजे कांडीच्या टोकाची विजेची ज्योत, पेटवला.

भिंतीवर फक्त पांढरा गोळा. सूर्यच जणू. बाकी काहीही नाही. मॅडम डोळ्यांवर हात घेऊन बाहेर पळाल्या.

मी आर्क तोडला आणि बसून राहिलो. झालं, म्हटलं, माझं कारणच खरं होतं, वेल्डिंगला हे चालत नाही. मग माझी नजर हातातल्या पडद्याकडं गेली. त्याच्या खिडकीत काळी काच. या काचेशिवाय मला तरी कुठं काय दिसतं? उघड्या डोळ्यानं मलाही पांढरा गोळाच दिसतो. डोळ्याला काच लागते, तर या फोनच्या डोळ्याला का लागू नये?

मी कपाटातून नवी काळी काच काढली आणि कॅमेऱ्यासमोर धरली. पण दोन हात पुरेनात. एक काचेला, एक फोनला, मग वेल्डिंग कशानं करायचं? मॅडम परत आत आल्या होत्या, त्या धावत जाऊन कशिद्याची लाकडी रिंग आणि इलॅस्टिकची गुंडाळी घेऊन आल्या. रिंगमध्ये काच बसवली, इलॅस्टिकनं फोन मागं बांधला. मग मी भंगारातून पाइपाचे तीन तुकडे काढले आणि वीस मिनिटांत एक तिवई वेल्ड करून टाकली. तिच्यावर हे सगळं बसवलं, जॉबपासून, म्हणजे जोडायच्या लोखंडापासून, हातभर लांब, आणि उघडा आर्क कुणाच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून पुढं पत्र्याचा आडोसा लावला. मॅडम म्हणाल्या, दुकानात मिळतं हो असलं स्टँड. मी म्हणालो, दुकानातलं असलं मजबूत नसतं. ते खरंच होतं, पुढं ती तिवई दोघांना उचलावी लागायची.

मी परत आर्क पेटवला.

भिंत अंधारली आणि अंधारात तळं उजळलं.

आता हे कसं सांगू? वेल्डरला काळ्या काचेतून जे दिसतं ते त्याचं एकट्याचं असतं. कांडीच्या टोकाखाली लोखंड वितळून एक छोटं तळं होतं, हरभऱ्याच्या दाण्याएवढं. त्याला काठ असतो, त्यावर लाटा असतात, मागं ते गोठत जातं आणि पुढं नवं वितळत जातं. ते तळं वाचता आलं की वेल्डिंग आलं. सव्वीस वर्षं मी पोरांना ते तळं तोंडानं सांगत होतो. माझ्या खांद्यावरून एखादं पोर डोकावायचं, त्याला धूर आणि माझं कोपर दिसायचं. आणि आता ते हरभऱ्याएवढं तळं समोरच्या भिंतीवर बैलगाडीच्या चाकाएवढं होऊन उकळत होतं. लाटा दिसत होत्या. कांडीवरच्या लेपाची खपली तळ्यावरून मागं सरकताना दिसत होती, दुधावरची साय सरकावी तशी.

मी ओरडलो नाही, असं मला वाटतं. मॅडमचं म्हणणं की ओरडलो.

पुढचा एक तास मला नीट आठवत नाही. मी फिटरच्या शेडमध्ये गेलो आणि तास चालू असताना सगळ्यांना उठवून आणलं. रखवालदाराला आणलं. कँटीनच्या यमूबाईंना हाताला पीठ तसंच ठेवून आणलं. त्या बघून म्हणाल्या, अगं बाई, हे तर पाकासारखं उकळतंय. त्या एका वाक्यात त्यांनी जे पकडलं ते सांगायला मला पाऊण महिना लागायचा. मी कांड्यांचा आख्खा पुडा संपवला. कामाचं काही जोडलं नाही, नुसतं तळं करत बसलो. गोंधळेकर साहेब आले, भिंतीकडं बघत उभे राहिले, आणि जाताना म्हणाले की खरमाटे, शुक्रवारी कांड्या थोड्या शिल्लक ठेवा.

घरी जाताना मी सायकलवर शीळ घालत होतो. शालन, माझी बायको, दारात उभी होती. तिला वाटलं माझी बदली रद्द झाली. माझी बदली निघालीच नव्हती, पण इतक्या खुशीचं दुसरं कारण तिला सुचेना. सगळं सांगितल्यावर तिनं विचारलं, म्हणजे इतकी वर्षं त्या पोरांना काहीच दिसत नव्हतं? मी म्हणालो, काहीच नाही. ती म्हणाली, मग पास कशी होत होती? मी हसण्यावारी नेलं.

शुक्रवारी सकाळी साहेब आले. बरोबर दोन अधिकारी, हातात फायली. साहेब उंच, शांत, फारसं न बोलणारे, कपाळावर एक आठी कायमची. शिवणाचा धडा झाला, फिटरचा झाला, आणि अकराच्या सुमारास सगळे माझ्या शेडमध्ये आले. वीस पोरं बाकांवर. वैजयंता शेवटच्या बाकावर, तिचा अर्ज त्या दिवशीच्या टपालात जायचा होता हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. तरी ती आली होती. गणवेश इस्त्री केलेला, वही मांडीवर.

मी चामड्याचा एप्रन चढवला, हातमोजे घातले, आणि भाषण न करता पडदा तोंडासमोर धरून कामाला लागलो. मागून आवाज आला, सगळ्यांनी एकदम श्वास आत घेतल्यासारखा. मला कळलं की तळं भिंतीवर आलं. मी सांगत गेलो, हा काठ बघा, ही खपली बघा, तळं लांबट झालं की तुम्ही घाई करताय, गोल झालं की रेंगाळताय. असं कधी शिकवायला मिळालं नव्हतं. शब्द तोंडातून निघायच्या आधी गोष्ट समोर दिसत होती. माझ्या अंगात वारं शिरलं होतं.

आणि एकाएकी सगळे हसायला लागले.

मला पडद्याआड काही कळेना. आधी दोन-तीन जण हसले, मग सगळी शेड. एक खर्जातला आवाजही त्यात होता, तो साहेबांचा असावा असं वाटलं. मला वाटलं माझ्या शिकवण्यावर खूश होऊन हसतायत, म्हणून मी आणखी रंगात येऊन सांगायला लागलो. खाच संपली, आर्क तोडला, पडदा खाली घेतला आणि भिंतीकडं वळलो. तापलेल्या तळ्याच्या बरोबर वर, हातभर उंच अक्षरांत शालनचा निरोप झळकत होता. गोळी घेतली का. बनियन उलटं घालून गेलाय.

मी एप्रनच्या आत हात घालून चाचपलं. शिलाई बाहेरच्या बाजूला होती.

"आहे खरं उलटं," मी म्हणालो.

तेव्हा तर साहेबांच्या कपाळावरची आठीसुद्धा गेली. हशा विरत आला आणि मॅडम फोनवरचा निरोप बाजूला सारत असताना शेवटच्या बाकावरून वैजयंतानं हात वर केला.

"सर, एक विचारू? तुम्ही हात सरळ नेत नाही."

शेडमध्ये हसण्याचा शेवटचा तुकडा उरला होता, तोही थांबला. मी म्हणालो, असं कसं, सरळच नेतो, सव्वीस वर्षं तेच शिकवतोय. ती उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट हळू झाला होता.

"नाही सर. तुमची कांडी डावीकडं जाते, तिथं जरा थांबते, मग उजवीकडं येते, तिथं थांबते. चंद्रकोरीसारखी. मी दोनदा मोजलं."

गोंधळेकर साहेब पुढं येऊन म्हणाले की प्रश्न नंतर विचारावेत, पाहुण्यांना वेळ नाही. पण साहेबांनी हात करून त्यांना थांबवलं. मॅडमनी सांगितलं की फोनमध्ये सगळं साठवलंय, परत लावता येईल. आणि त्यांनी ते परत लावलं, तेही हळू गतीनं. हळू गती असते हेही मला माहीत नव्हतं.

मी माझाच हात भिंतीवर बघत उभा राहिलो.

कांडीचं टोक डावीकडच्या काठाला गेलं. तिथं क्षणभर टेकलं, काठ वितळेपर्यंत. मग हलक्या कमानीनं उजवीकडं आलं, तिथंही टेकलं. परत डावीकडं. एकामागं एक चंद्रकोरी, एकसारख्या, रांगोळीच्या ठिपक्यांवरून रेघ ओढावी तशा. आणि त्याच्यावर आवाज माझा, साठवलेला, ठणठणीत: हात सरळ न्या, पोरांनो, इकडंतिकडं हलवू नका, सरळ.

अख्ख्या शेडनं ते ऐकलं. मीही ऐकलं.

मला आठवलं, मी हे शिकलो ते मिरजेच्या एका कारखान्यात, बाबालाल मिस्त्रींच्या हाताखाली. मिस्त्री बोलायचेच नाहीत. मनगटावर टिचकी मारायचे, बस. तीन वर्षं टिचक्या खाल्ल्या आणि हात शिकला, पण काय शिकला ते मला कुणी सांगितलं नाही, आणि मी कधी विचारलं नाही. नोकरी लागल्यावर शिकवायला पुस्तक दिलं. पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, हात स्थिर ठेवावा, रेषा सरळ असावी. ते होतं पहिल्या धड्याचं, पट्टीवर नुसती रेघ ओढायचं. मी ते सगळ्यालाच लावलं. तोंड पुस्तकाचं बोलत राहिलं आणि हात मिस्त्रींचं करत राहिला. ज्या पोरांनी माझ्या बोलण्याकडं दुर्लक्ष केलं आणि कोपराच्या हालचालीवरून अंदाज बांधला, ती पास झाली. जी मन लावून ऐकत होती त्यांचे सांधे कडेनं उकलले. आणि सगळ्यांत मन लावून ऐकणारी मुलगी शेवटच्या बाकावर उभी होती.

खरंतर मला तिथं मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. साहेब बघत होते, फायली उघड्या होत्या. पण मला राग आला नाही, लाजही आली नाही. आलं ते हसू. पोटातून, थांबवता न येणारं. मी हातमोजे काढून तिच्याकडं धरले.

"वैजयंता, ये. मी सांगतो तसं करू नको. भिंतीवर दिसतं तसं कर."

ती आली. हातमोजे तिला मोठे होत होते, ते तिनं मनगटाशी दुमडले. नव्या दोन पट्ट्या मांडल्या. कांडी लावली आणि आर्क पेटवला. भिंतीवर तिचं तळं आलं. पहिले दोन वेळा ते डावीकडं जाताना अडखळलं. मग ते गेलं, थांबलं, काठ प्यायलं आणि परत फिरलं. पोरं मोठ्यानं मोजायला लागली, डावी, उजवी, डावी, उजवी, कवायतीसारखं. फिटरची पोरं खिडकीत लटकली होती, तीही मोजायला लागली. साहेबांबरोबरचे एक अधिकारी फाईलवर बोटानं ताल धरत होते.

खाच भरली. तिनं हातोडीनं खपली ठोकायला घेतली, तर पहिल्याच ठोक्याला खपली पुरती उचलून आली, कवच सुटावं तशी. खाली नाण्यांच्या चळतीसारखा सांधा. तो थंड झाल्यावर मी शिकंज्यात धरला आणि दांडा तिच्याच हातात दिला. तिनं दाबलं. पट्टी वाकली, आणखी वाकली, घोड्याच्या नालासारखी झाली. सांधा जिथल्या तिथं.

टाळ्या कुणी सुरू केल्या माहीत नाही. साहेब पुढं झाले, ती वाकलेली पट्टी हातात घेऊन उलटीपालटी करून पाहिली आणि मला एवढंच म्हणाले की तुमच्या ट्रेडचा धडा मी डिजिटल म्हणून लिहू की आणखी काही म्हणून, हे मला कळत नाही. मी म्हणालो, काहीही लिहा साहेब, पण मला जरा बाहेर जाऊ द्या. कारण तेवढ्यात माझी नजर घड्याळावर गेली होती आणि मला तो अर्ज आठवला होता.

मी गोंधळेकर साहेबांना गाठलं. ते म्हणाले, अर्ज तर गेला, शिपाई तुकाराम सकाळी टपाल घेऊन पोस्टात गेला. आज शेवटची तारीख होती, एकदा रजिस्टर झाला की जिल्ह्याला तिची वेल्डिंगची जागा कमी होणार, मग ती परत मिळायची नाही. मी तसाच फाटकाकडं पळत सुटलो. सायकलला कुलूप, किल्ली खिशात, खिसा एप्रनच्या आत, एप्रनच्या मागं गाठ. तेवढ्यात मॅडमची स्कूटर शेजारी येऊन थांबली.

"बसा," त्या म्हणाल्या. "आणि ती तिवई आणू नका."

मला तोवर कळलंच नव्हतं की दोघांना उचलावी लागणारी तिवई मी एकटा काखेत घेऊन पळत होतो.

बाजारातून आम्ही कसे गेलो ते बघणारे आजही सांगतात. मॅडम पुढं, ओढणी डोक्याला घट्ट बांधलेली, हॉर्नवरचं बोट न काढता. मागं मी, अंगावर गुडघ्यापर्यंतचा चामड्याचा एप्रन. आठवड्याच्या बाजाराचा दिवस. टोमॅटोवाल्या बाईंनी पाटी आवरली. कुणीतरी विचारलं, कुठं आग लागली का? मॅडम न थांबता म्हणाल्या, लागली नाही, विझवायला चाललोय. आम्ही दोघंही हसत होतो. तिकडं त्या पोरीचं आयुष्य पाकिटात घालून चाललं होतं आणि आम्ही शाळकरी पोरांसारखे हसत होतो, मला आजही त्याचं नवल वाटतं.

पोस्टात लांब रांग होती. रांगेत मधेच तुकाराम, पाकिटांचा गठ्ठा छातीशी धरून उभा. खिडकीतले कारकून हाताची घडी घालून बसलेले. सकाळपासून लिंक नाही, ते सगळ्यांना ऐकवत होते, कॉम्प्युटर चालू झाल्याशिवाय एक पाकीट घेता यायचं नाही. तुकारामानं आम्हाला बघून आधी माफीच मागायला सुरुवात केली, साहेब, मी उशीर केला नाही हो, लिंकच नाही. मी त्याला मिठी मारली. एप्रनसकट. त्याच्या शर्टावर काजळीचा एप्रन उमटला. मॅडमनी गठ्ठ्यातून पाकीट शोधून काढलं आणि तिथंच प्राचार्यांना फोन लावून त्यांच्या तोंडून हो म्हणवून घेतलं.

संध्याकाळी वैजयंता घरी निघाली तेव्हा मी तिला तो अर्ज दिला. फाडलास तरी चालेल, म्हणालो. तिनं तो घडी करून वहीत ठेवला. मग वही उघडून मला एक पान दाखवलं. त्यावर माझी वाक्यं होती, पहिल्या दिवसापासूनची, तारखेनिशी. हात सरळ न्या, हे सोळा वेळा लिहिलेलं. ती म्हणाली, सर, मला वाटायचं तुम्ही सांगता तेवढं सरळ मला जमत नाही, म्हणून मी आणखी सरळ नेत होते.

ती पास झाली. पुढं गुजरातेत जहाजांच्या कामावर गेली, आता बॉयलरच्या कामाला देशभर फिरते. अधूनमधून फोटो पाठवते, उंचावर बसलेले. खाली काय आहे ते फोटोत दिसत नाही, ते बरंच आहे.

पण माझी गोष्ट तिथं संपत नाही. त्या शनिवारी मी कचेरीत बसून सव्वीस वर्षांची हजेरीपुस्तकं काढली. ज्यांना ज्यांना मी सांगितलं होतं की तुझ्या हातात वेल्डिंग नाही, ती नावं शोधली. अकरा निघाली. शालननं विचारलं तसं, काही पास होत होती. ही अकरा झाली नव्हती.

रविवारी सकाळी मी त्यातल्या सगळ्यांत जवळच्याकडं गेलो. भीमराव ऐवळे, पंधरा वर्षांपूर्वीचा. एसटी स्टँडाबाहेर त्याची केळ्यांची गाडी होती, आणि मी त्याच्याकडून कित्येक वर्षं केळी घेत आलो होतो. तो मला सर म्हणायचा, मी त्याला भीमा म्हणायचो, आणि त्यानं ट्रेड सोडल्याचा विषय कधी निघायचा नाही. मी गेलो तसा त्यानं डझनाला हात घातला. मी म्हणालो, थांब, आज केळी नको. तुझ्या हातात काही खोट नव्हती भीमा. मी चुकीचं सांगत होतो.

त्याला आधी कळेना. मी त्याला सगळं सांगितलं, भिंत, तळं, चंद्रकोरी, ती पोरगी. गिऱ्हाईकं येत होती, तो त्यांना हातानंच थांबवत होता. मी गप्प झालो तेव्हा त्यानं केळ्यांचे घड बाजूला सारले. मला वाटलं आता हा शिव्या देणार, आणि दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"म्हणजे कडेला थांबायचं होतं?" त्यानं विचारलं.

"कडेला थांबायचं होतं."

त्यानं उजवा हात गाडीच्या फळीवर टेकवला. बोटं होल्डर धरल्यासारखी मिटली, पंधरा वर्षांनी, बरोबर जशी धरायची असतात तशी. आणि रिकामा हात फळीवरून चालायला लागला, डावीकडं जाऊन थांबत, उजवीकडं येऊन थांबत, हळूहळू, फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.